वेदीपासून बांधापर्यंत





रविवारची मिस्सा संपली की आपल्याकडे मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग भरतो. मागे एकदा त्या वर्गात मिस्सेच्या विधींची उजळणी चालली होती. पश्चात्ताप विधी, वाचने, प्रवचन, अर्पणविधी असे करत करत आम्ही शांतीच्या चिन्हापर्यंत आलो. एकमेकांना शांती का द्यायची, हे आम्ही समजावून सांगितले. तेव्हा मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, शांती देताना माझे पप्पा मागं वळतात अन् काका पुढं वळतात. दोघं एकमेकांकडं बघतच नाहीत. मग ती शांती जाते कुठं?"

वर्गात मुले हसली. आम्ही हसू शकलो नाही. घंटा वाजायला आली होती, त्याचा आधार घेऊन आम्ही विषय बदलला. खरे सांगायचे तर आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते मूल कोणाचे, हे इथे सांगण्याची गरज नाही. बांधावरून, विहिरीच्या पाळीवरून, वडिलांच्या पश्चात झालेल्या वाटणीवरून बोलणे बंद झालेली घरे आपल्या धर्मग्रामात एक-दोन नाहीत. आणि त्या घरांतील माणसे वाईट नाहीत. ती दर रविवारी मिस्सेला येतात, उपवासकाळ पाळतात, सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जातात. प्रश्न म्हणूनच अवघड आहे. देवाला न मानणाऱ्या माणसाची ही गोष्ट नाही, ती तुमची-आमची आहे.

त्या मुलाच्या प्रश्नावर दोन सोपी उत्तरे देता येतात. पहिले उत्तर असे की, ज्याचे भावाशी पटत नाही त्याने ख्रिस्तशरीर स्वीकारायला येऊच नये. दुसरे असे की, देऊळ वेगळे आणि शेत वेगळे. माणसाची भक्ती हा त्याचा आणि देवाचा प्रश्न आहे, बांधाचा प्रश्न तलाठ्याचा आणि कोर्टाचा आहे. ही दोन्ही उत्तरे आपण चावडीवर ऐकतो, कधी स्वतःही देतो. दोन्ही नीट तपासून पाहू या.

दुसरे उत्तर आधी घेऊ, कारण ते जास्त सोयीचे आहे. देऊळ वेगळे आणि शेत वेगळे असे म्हटले की रविवारी एक तास देवाला दिला, आता उरलेला आठवडा आपला. मोंढ्यात माल विकताना भिजलेला कापूस कोरड्याखाली दडपला, मजुराची हजेरी अर्ध्या दिवसाने कमी लावली, सुनेला टोचून बोललो, तरी देवाचा हिशोब वेगळ्या वहीत आहे अशी समजूत होते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज दिला, त्यात श्रद्धा आणि रोजचे जीवन यांच्यात पडलेली ही फूट आपल्या काळातील गंभीर चुकांपैकी एक मानली आहे. जुन्या करारातील संदेष्ट्यांनीही हेच खडसावून सांगितले होते. आमोस आणि यशया यांच्या काळात मंदिरात यज्ञ होत होते, गाणी होत होती, सण पाळले जात होते. पण बाहेर वजनमाप खोटे होते आणि विधवेला न्याय मिळत नव्हता. देवाला त्या सणांचा वीट आला, असे संदेष्टे म्हणाले. म्हणजे उपासना आणि व्यवहार ही दोन खाती नाहीत. वही एकच आहे.

मग पहिले उत्तर बरोबर का? ज्याचे भांडण आहे त्याने येऊ नये? तसे ठरवले तर आपले देऊळ किती भरेल, याचा प्रत्येकाने विचार करावा. शिवाय त्यात एक धोका आहे. कोण योग्य आणि कोण अयोग्य हे ठरवणारे आपण होतो. शेजारचा माणूस रांगेत उभा राहिला की आपण मनात म्हणतो, "हा कसा काय गेला पुढं?" आणि ते म्हणताना आपण स्वतः कोणत्या मनाने रांगेत उभे आहोत हे विसरतो. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना ख्रिस्तशरीर घेण्याआधी परीक्षा करायला सांगितली आहे, ती स्वतःची. शेजाऱ्याची नव्हे.

आता प्रभू येशूने काय सांगितले ते पाहू. मत्तयच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचनात हा प्रसंग येतो. तुम्ही अर्पण घेऊन वेदीजवळ आला आहात आणि तिथे तुम्हाला आठवले की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर काय करायचे? येशूने सांगितलेला क्रम आपण लक्षपूर्वक पाहिला पाहिजे. अर्पण तिथेच ठेवायचे, आधी जाऊन भावाशी समेट करायचा आणि मग परत येऊन अर्पण करायचे.

यात तीन गोष्टी आहेत. पहिली, अर्पण घरी परत न्यायला सांगितलेले नाही. ते वेदीपाशीच राहते, आपली वाट पाहत. म्हणजे जो भांडणात अडकला आहे त्याला देवळाबाहेर काढलेले नाही. त्याची जागा राखून ठेवली आहे. दुसरी गोष्ट, आपण भावावर रागावलो आहोत की नाही, हे इथे विचारलेलेच नाही. भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे का, हे विचारले आहे. चूक कोणाची, हा प्रश्न येशू पुढे ढकलतो. जायचे मात्र आपणच. तिसरी गोष्ट, वेदीपासून निघालेली वाट भावाच्या दारातून फिरून पुन्हा वेदीकडेच येते. भावाशी समेट झाला म्हणून उपासनेची गरज संपत नाही, आणि उपासना केली म्हणून भावाकडे जाण्याची गरज संपत नाही.

ही वाट बोलायला सोपी आहे. आपल्या जालना जिल्ह्यातल्या काळ्या रानात ती किती लांब असते, हे ज्याने बांधावरचे भांडण भोगले आहे त्यालाच ठाऊक. नांगराचे एक तास दरवर्षी पुढे सरकते, बांध कोरला जातो, दहा वर्षांत दोन हात जमीन जाते. ज्याची गेली तो म्हणतो, "मी का जाऊ? माझीच जमीन गेली अन् मीच पाया पडू?" त्याचे म्हणणे खोटे नाही. म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. क्षमा करणे म्हणजे न्याय सोडून देणे नव्हे. सरकारी मोजणी मागवणे, खुणा रोवून घेणे, पंचांना बोलावणे यात पाप नाही. भावाला क्षमा केली म्हणून जमीन त्याच्या नावावर करून द्यावी, असे ख्रिस्तसभा सांगत नाही. पण मोजणीचा अर्ज देणे वेगळे आणि भावाच्या पोराच्या लग्नाच्या पंगतीला न जाणे वेगळे. पहिला न्याय आहे, दुसरे वैर आहे. मोजणीने बांध सरळ होतो. वैर ज्याच्या मनात आहे त्यालाच आतून कोरत राहते.

२०२३ साली महाराष्ट्र शासनाने शेतकऱ्यांसाठी एक योजना काढली. एकाच्या नावाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान बारा वर्षे असेल, तर दोघांच्या संमतीने अदलाबदल करून घ्यायची; मुद्रांक शुल्क एक हजार रुपये आणि नोंदणी फी एक हजार रुपये. या योजनेला शासनाने नाव दिले 'सलोखा'. सरकारी कागदावर हा शब्द यावा आणि दर रविवारी एकमेकांना शांती देणाऱ्या आपल्या घरांत तो येऊ नये, याचे आपल्याला वाईट वाटले पाहिजे.

पण समजा, आपण गेलो आणि भावाने दार लावून घेतले तर? हा प्रश्न खरा आहे, आणि त्याला गोड उत्तर नाही. जाणे आपल्या हातात आहे, दार उघडणे आपल्या हातात नाही. संत पौल रोमकरांना लिहितो तेव्हा तोही हे मान्य करतो की, जेवढे आपल्या हातात आहे तेवढे सर्वांशी शांतीने राहावे. जो खऱ्या मनाने गेला आणि रिकाम्या हाताने परतला, त्याने वेदीजवळ संकोच न करता यावे. मनात राग उसळणे हे पाप नव्हे, तो माणसाचा स्वभाव आहे. पण राग जपून ठेवणे, त्याला रोज पाणी घालणे आणि भावाचे वाईट व्हावे असे ठरवून इच्छिणे, हे वेगळे. जो अशा हट्टाने बसला आहे, त्याने आधी प्रायश्चित्त संस्काराकडे जावे. पण मिस्सेला मात्र त्यानेही यावे. त्याचे अर्पण वेदीपाशी आहे, हे विसरू नये.

आपल्या मराठवाड्यात ज्या धर्मगुरूंनी श्रद्धेचे बी पेरले, त्यात संत फ्रान्सिस डी सेल्सच्या मिशनरी संघाचे फादर आघाडीवर होते. आपल्या औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना १९७७ साली झाली. त्याचे कॅथेड्रल छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद शहरात आहे, तेही याच संताच्या नावाचे. हा संत जिनिव्हाचा बिशप होता. १६०९ साली त्याने भक्तिमय जीवनावर एक ग्रंथ लिहिला. त्या काळी असा समज होता की खरी भक्ती मठातल्या लोकांनीच करावी, संसारी माणसाला ती जमायची नाही. संत फ्रान्सिसने हा समज खोडून काढला. शिपायाची भक्ती वेगळी, कारागिराची वेगळी, लग्न झालेल्या स्त्रीची वेगळी, आणि जी भक्ती माणसाच्या रोजच्या कर्तव्याच्या आड येते ती खरी भक्तीच नव्हे, असे त्याने शिकवले.

हा संत आज जालन्यात असता तर त्याने काय लिहिले असते? बियाण्याच्या प्लॉटवर उन्हात उभे राहून कपाशीच्या फुलांचे क्रॉसिंग करणाऱ्या बाईची भक्ती कशी असते, हे त्याने लिहिले असते. एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यात रात्रपाळी करून डोळे तांबारलेले असतानाही सकाळी मिस्सेला येणाऱ्या तरुणाविषयी लिहिले असते. मोसंबीच्या बागेचा सौदा करताना दिलेला शब्द भाव चढल्यावरही न फिरवणाऱ्या शेतकऱ्याविषयी, आणि दवाखान्यात शेवटच्या खाटेवरच्या पेशंटलाही "आजी" म्हणणाऱ्या आपल्या नर्स मुलींविषयी लिहिले असते. हे सारे पवित्रतेचे मार्ग आहेत. त्यांच्यावर पाटी नाही, एवढेच.

आपल्याच तालुक्यातले कडवंची गाव आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. आज ते द्राक्षबागा आणि शेततळ्यांसाठी ओळखले जाते. १९९० च्या दशकात तिथे पाणलोटाचे मोठे काम झाले. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने आणि गावकऱ्यांनी ते इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून केले. या कार्यक्रमामागे फादर हर्मन बाखर नावाचे एक जेझुइट धर्मगुरू होते, हे मात्र थोड्यांना माहीत असेल. ते स्वित्झर्लंडचे. १९४८ साली भारतात आले आणि अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर भागात दुष्काळी शेतकऱ्यांसाठी त्यांनी आयुष्य घातले. २०२१ साली ते देवाघरी गेले. या कार्यक्रमात गावाला आधी श्रमदान करून दाखवावे लागे. मोकाट चराई बंद, झाडावर कुऱ्हाड बंद, हे नियम साऱ्या गावाने पाळायचे. काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचे. आधी डोंगरावर समतल चर खोदायचे, मग उतारावर बांधबंदिस्ती, शेवटी नाल्यावर बांध.

यात एक धडा आहे. माथ्यावरचा माणूस चर खोदतो, पण पाणी दिसते ते खालच्याच्या विहिरीत. वरच्याने कंटाळा केला तर खालच्याची जमीन वाहून जाते. म्हणजे पाणलोटात कोणाचाही बांध फक्त त्याचा नसतो. आणि फादर बाखरांनी विहिरीला पाणी आलेल्या माणसाचा धर्म विचारला नाही. रोज सकाळी वेदीवर भाकर मोडणाऱ्या धर्मगुरूला दिवसभर माणसांच्या भाकरीची काळजी वाटावी, हे स्वाभाविकच होते. त्यांची मिस्सा देवळाच्या दारात संपली नाही, ती डोंगराच्या माथ्यापर्यंत गेली. मुळात मिस्सा हा शब्द लॅटिन भाषेत पाठवणीचाच आहे. लेकीची पाठवणी करतो तेव्हा आपण तिला घरातून काढत नाही, दुसरे घर उभे करायला पाठवतो. मिस्सेच्या शेवटी आपली तशीच पाठवणी होते.

इथे आपली तरुण मुले एक प्रश्न विचारतात, आणि तो टाळण्यासारखा नाही. रोजचे वागणेच महत्त्वाचे असेल तर देवळात यायचे कशाला? मिस्सेला कधी न येणारे, ख्रिस्ती नसलेले कितीतरी लोक आपल्यापेक्षा प्रामाणिक आहेत. हे खरे आहे, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. कडवंचीच्या माथ्यावर चर खोदणारे हात ख्रिस्ती नव्हते, तरी तिथे देवाचेच काम झाले.

मग आपण का येतो? कारण आपल्याला आपली विहीर माहीत आहे. पावसाळ्यात ती भरलेली दिसते, मार्च आला की तळ दिसतो. माणसाचा चांगुलपणा असाच आहे. दोन दिवस पुरतो, मग कोणीतरी टोचून बोलते आणि आटतो. स्वतःच्या बळावर सत्तर वेळा सात वेळा क्षमा करणारा माणूस आम्ही तरी पाहिला नाही. विश्वपरिषदेने १९६३ साली उपासनेविषयी शिकवताना तिला ख्रिस्तसभेच्या सर्व कार्याचे शिखर आणि उगम म्हटले, ते याचसाठी. उगम वर असतो, पाणी खाली शेतात लागते. झऱ्याशी नाते तोडून पाट वाहत नाही. आणि शेतापर्यंत न पोहोचणाऱ्या पाण्याने पीक येत नाही.

अर्पणविधीत वेदीवर काय ठेवले जाते तेही आठवावे. भाकर आणि द्राक्षारस. जमिनीने दिलेले आणि माणसाच्या हातांनी घडवलेले. मग ते हात कोणाचे, हे आपण विचारायला नको का? ज्या मजुराने ज्वारी-गहू काढला त्याची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, असे अनुवादाच्या पुस्तकात सांगितले आहे, आणि अडकवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानापर्यंत ओरडत जाते, असे संत याकोबाने लिहिले आहे. रविवारची मिस्सा विनाकारण चुकवली तर आपण ते पाप म्हणून सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण सोमवारी मजुराचे पैसे "पुढच्या बाजारी देतो" म्हणून अडवले, तर तेही आपण प्रायश्चित्त संस्कारात सांगतो का?

दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून कितीतरी जोड्या उचल घेऊन ऊसतोडीला जातात. कोयता चार-सहा महिने रानात असतो. रविवार असो वा नाताळ, गाडी भरायची थांबत नाही. ज्यांना मिस्सेला येणे खरोखर अशक्य आहे त्यांना ख्रिस्तसभा दोष देत नाही. मागे राहिलेल्यांची जबाबदारी मात्र वाढते. त्या घरात एक आजी आणि शाळेत जाणारी दोन नातवंडे राहतात. ती नातवंडे मिस्सेला आली नाहीत, हे आपल्या किती दिवसांनी लक्षात येते? पाचव्या शतकाच्या उंबरठ्यावर संत योहान क्रिझोस्टोमने आपल्या लोकांना बजावले होते की, देवळात ख्रिस्ताच्या शरीराला रेशमी वस्त्रे चढवायची आणि दाराबाहेर थंडीत कुडकुडणाऱ्या त्याच ख्रिस्ताकडे पाठ करायची, हे चालणार नाही. आपल्या वेदीवर रेशीम फारसे नाही. पण दाराबाहेर ती आजी आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येऊ. ती शांती जाते कुठे? पुढच्या रविवारी आम्ही त्याला एवढेच सांगितले की, बाळा, ती शांती वाया जात नाही. तुझ्या पप्पांचे अर्पण आणि काकांचे अर्पण, दोन्ही वेदीपाशी शेजारी शेजारी ठेवलेले आहे. ते दोघे एकमेकांकडे बघत नसले तरी प्रभू दोघांकडे बघतो आणि वाट पाहतो. तो म्हणाला, "मग त्यांना सांगायचं कुणी?" याचेही उत्तर आम्ही वर्गात देऊ शकलो नाही. म्हणून इथे लिहितो आहोत.

या आठवड्यात आपण सर्वांनी तीन लहान गोष्टी करून पाहाव्यात. ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याच्या दारापर्यंत एकदा जावे. पाणी मागावे, खुशाली विचारावी, बांधाचा विषय त्या दिवशी काढू नये. कोणाची मजुरी, उसने किंवा दिलेला शब्द अडकला असेल तर तो रविवारच्या आत मोकळा करावा. आणि ऊसतोडीला गेलेल्या एका तरी घरी जाऊन, पुढच्या मिस्सेला येताना तिथल्या मुलांना सोबत आणावे. एवढे करून आपण वेदीजवळ येऊ, तेव्हा कदाचित आपल्या हातांत दाखवण्यासारखे काही नसेल. पण शांती देताना कोणत्या बाजूला वळायचे, हे आपल्याला नक्की कळेल.

हे प्रभू, तुझ्या वेदीपाशी ठेवलेले आमचे अर्पण सांभाळ. आम्ही भावाच्या दाराकडे निघालो आहोत. पाय अडखळले तर हात दे, आणि आम्हा दोघांना मिळून परत आण. आमेन.